ताक न चालणारी माती

तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यात पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत आत गेला आणि तेजलला रागच आला. माती मऊ होती. काल मऊ होती, परवा मऊ होती आणि उद्याही मऊच असणार होती. कुणी हात लावो न लावो.

"तिच्याकडं काय बघतीस? उत्तर देणाराय व्हय ती?" हिंदुराव वस्ताद कट्ट्यावरून म्हणाले. ते दूध पीत होते. मिशीला साय लागली होती आणि तसं त्यांना सांगायची करंजघोलमध्ये कुणाची छाती नव्हती.

"वस्ताद, उकरू का जरा?"

"कशाला? मऊ हाय की."

"मग मी काय करू?"

वस्तादांनी बराच विचार केला. "बस," म्हणाले.

बस म्हणे. तेजल पाडळकरला आजवर कुणी बसवू शकलं नव्हतं. शाळेत बाईंनी तिला शेवटच्या बाकावर टाकलं होतं ते अभ्यासामुळं नव्हे. तिचा सतत हलणारा पाय बाकीच्या वर्गाला दिसू नये म्हणून. त्या पायाला, त्या हातांना, त्या एकूण धगधगीला गावात एकच जागा होती, ती म्हणजे हा हौदा. आणि आता हौद्याला तिची गरज उरली नव्हती.

दोन हजार त्रेचाळीस साल चालू होतं. नदी उशाशी असलेल्या गावांनाही आता पाणी कार्डावर मिळायचं. माणसांना अमुक, जनावरांना तमुक आणि तालमीला काहीच नाही, कारण कार्ड काढणाऱ्या साहेबाला तालीम हा प्रकारच माहीत नव्हता. लाल माती वाळून वाळून फरशीसारखी झाली. एका पोराचा खांदा निखळला, दुसऱ्याचं गळ्याचं हाड मोडलं, आणि तालमीचे अध्यक्ष सर्जेराव मान हलवत म्हणायला लागले, हौदा बुजवूया, वर मॅट टाकूया, गोष्ट संपली.

तेव्हा पुढं आली तेजलची थोरली बहीण केतकी. कोल्हापुरात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. चष्मा, पाठीवर सॅक आणि चप्पल मात्र कायम तुटकी. तालमीत सगळ्यांना बसवून तिनं एका वाटीत चिमूटभर पांढरी पावडर टाकली आणि वर पेलाभर पाणी ओतलं. बघता बघता पाणी गायब. वाटी उपडी केली तरी थेंब सांडेना.

"लहान बाळाच्या डायपरमध्ये असते ना, तीच ही," केतकी म्हणाली.

"म्हणजे लंगोटातली वस्तू लंगोटवाल्यांच्याच कामी," मागून कुणीतरी बोललं. तालीम हसली. केतकीही हसली आणि मग तिनं नीट समजावून सांगितलं.

ही पावडर म्हणजे पॉलिमर, लांबच लांब धाग्यांचं जाळं. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी पितं आणि फुगून जेली होतं. पण नुसतं मातीत मिसळलं तर जेली वर येणार आणि पैलवान शेवाळावरून घसरल्यासारखे आपटणार. म्हणून तिनं त्या जाळ्याला घर दिलं होतं. भाजलेल्या विटेचा बारीक चुरा घ्यायचा. प्रत्येक कणाला आत असंख्य भोकं असतात. त्या भोकांच्या भिंतींवर आधी रासायनिक आकडे, म्हणजे बारीक हुक, बसवायचे आणि त्या आकड्यांपासूनच धागे वाढवायचे. म्हणजे पॉलिमर वरून चिकटवलेला नाही, तो भिंतीतूनच उगवलेला आहे. पाणी आलं की तो भोकाच्या आतल्या आत फुगतो, बाहेर निसटू शकत नाही. कण आतून ओला, बाहेरून कोरडा. पैलवान आपटला की दाबानं किंचित ओलावा बाहेर येतो, तो उठला की परत आत.

"एकदा पाणी पाजलं की कित्येक महिने बघायला नको," केतकी म्हणाली. "फक्त एक. स्वच्छ पाण्याशिवाय तिच्यात दुसरं काही घालायचं नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. जुनी माती काढून तालमीमागं ढीग लावला, नवी भरली, आणि खरं सांगायचं तर माती झकास होती. पडलं की आईनं मांडीवर घेतल्यासारखं वाटायचं.

इथंच तर घोटाळा झाला.

पूर्वी हौदा रोज उकरावा लागायचा. खोऱ्यानं खालची माती वर, वरची खाली, ढेकळं फोडायची, हातानं चाळायची. कंबरडं मोडणारं काम. तीन वर्षांपूर्वी गावातली पोरं कुणी भरतीला, कुणी पुण्याला निघून गेली आणि उकरायला माणूस मिळेना. तेव्हा सातवीतली तेजल तीन मैत्रिणींना घेऊन दारात उभी राहिली होती. वस्तादांनी खोऱ्याकडं बोट दाखवलं होतं. "जी उकरंल ती खेळंल." बस, एवढ्या एका वाक्यावर पोरी तालमीत शिरल्या होत्या. ना ठराव, ना भाषण. मातीला हात हवे होते आणि हात पोरींचे होते.

आता मातीला हातच नको होते. मऊ हौद्याची बातमी पसरली तशी पोरं परत आली. फोन कट्ट्यावर, अत्तराचा वास दारापर्यंत. गर्दी झाली. गर्दी झाली की वेळा ठरतात. पोरींची वेळ आधी दुपारची झाली, मग एक दिवसाआड, आणि परवा सर्जेराव अगदी मायेनं म्हणाले, "पोरींनो, तुम्ही शाळंतल्या मॅटवर खेळा की. तिथं पंखा बी हाय."

"आमची पाळी असते हौद्यात," तेजल म्हणाली.

"कसली पाळी? उकरायची? ती गेली की आता."

तेजलनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद कधी नव्हे ते आपले पाय चोळत बसले होते.

त्या संध्याकाळी घरी जेवताना तिनं भाकरीचा तुकडा असा मोडला की आईनं नुसती नजर वर केली.

"काय झालं गं?" केतकीनं विचारलं. जत्रेसाठी ती पंधरवडाभर घरीच होती.

"तुझ्या मातीनं मला बाहेर काढलं, तायडे."

"माती कुणाला बाहेर काढत नाही. सर्जेराव काढतात."

"आधी काढता येत नव्हतं. आता येतं. कुणामुळं?"

केतकी जेवायची थांबली. "तुला आठवतं का, तू रात्री उशीला हात लावू शकत नव्हतीस? खांदे सुजलेले असायचे. आई शेकत बसायची. मी दुसऱ्या खोलीत असायचे आणि मला ऐकू यायचं. तेव्हा ठरवलं, माती अशी करायची की पोरीला उकरायला लागू नये."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

आईनं दोघींच्या ताटात आमटी वाढली. भांडण असलं की ती न विचारता वाढायची.

थोड्या वेळानं केतकी मऊ झाली. वाद संपवायचा असला की ती विज्ञानात शिरायची, आणि तेजललाही ते आवडायचं; म्हणजे एरवी आवडायचं. समोर ताकाचा तांब्या होता. केतकीनं खिशातल्या पुडीतला नव्या मातीचा, पाणी प्यालेला दाणा ताटलीत ठेवला आणि वर ताकाचे चार थेंब सोडले. दाणा तसाच दिसत होता, पण त्याच्याभोवती पाणी जमायला लागलं. ताटली कलती केली तसा ओघळ वाहिला.

"या धाग्यांवर सगळीकडं एकाच जातीचा विद्युतभार असतो," ती म्हणाली. "म्हणून ते एकमेकांना ढकलतात, लांब राहतात, आणि मधल्या जागेत पाणी मावतं. ताकात कॅल्शियम असतं. एकेक कॅल्शियम दोन धाग्यांना दोन हातांनी धरतं आणि जवळ ओढतं. उरलेला भार आंबटपणा मारून टाकतो. सगळं जाळं आवळतं आणि पिळल्यासारखं पाणी बाहेर फेकतं. नुसत्या पाण्यानं धुतलं तरी ते परत पहिल्यासारखं पीत नाही."

"ताकानं?"

"ताकानं, लिंबानं, मिठानं. म्हणून तर सांगितलं, पाण्याशिवाय दुसरं काही नाही."

तेजलचा घास तोंडातच राहिला. जत्रेच्या सकाळी, मैदान भरण्याआधी, गावातल्या प्रत्येक घरातून हौद्यासाठी ताक जायचं. ताक, हळद, तेल, लिंबू. वस्ताद सगळं मातीत कालवायचे आणि मग नारळ फुटायचा. करंजघोलला 'दुसरं काही' म्हणजे खत, औषध, फवारणी. ताक हे काही दुसरं नव्हतं. ताक हा मातीचा घास होता. केतकी लहानपणापासून पुस्तकात डोकं घालून वाढली, त्या पहाटे कधी तालमीत गेलीच नव्हती. आणि ज्यांनी माना हलवल्या त्यांना आपण कशाला हो म्हणतोय याचा पत्ता नव्हता.

तेजलनं सांगायला तोंड उघडलं.

मग तिला तालमीमागचा ढीग आठवला. नवी माती बिघडली तर तीच जुनी लाल माती परत हौद्यात येणार. रोज उकरावी लागणारी. हात लागणारी.

"काय?" केतकी म्हणाली.

"काय नाही. ताक दे इकडं," तेजल म्हणाली आणि सगळा तांब्या एका दमात प्याली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. बसली की उठायची, उठली की विहिरीपर्यंत चालत जायची आणि विनाकारण परत यायची. शाळेत गणिताच्या बाईंनी विचारलं, "पाडळकर, तुझ्या अंगात मोटार बसवलीय का?" मैत्रीण रुक्मा म्हणाली, "काही खाल्लंयस का न पचणारं?" तेजल हसली. तसंच होतं ते. घरी केतकी जत्रेच्या तयारीत होती. पाणी वाचवण्याच्या सरकारी योजनेचे लोक मैदान बघायला येणार होते. त्यांना पटलं तर ही माती जिल्हाभरच्या तालमींत जाणार होती. केतकी आरशासमोर उभी राहून भाषण म्हणायची आणि मधेच विचारायची, "तेजू, 'सच्छिद्र' म्हणू की 'भोकांची' म्हणू?"

"भोकांची म्हण. कळतं."

"तू आहेस म्हणून बरं आहे."

असं कुणी आपल्याला म्हणू नये, तेजलला वाटायचं. निदान या आठवड्यात तरी नको.

जत्रेची सकाळ उजाडली. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये केतकी पाहुण्यांना चित्रं दाखवत होती. आणि इकडं तालमीसमोर बायाबापड्यांची रांग लागली होती. कुणाच्या हातात चरवी, कुणाकडं कळशी, कुणी तर दुधाचं अख्खं कॅन भरून आणलेलं. यंदा हौदा नवा, म्हणून प्रत्येकानं हात सैल सोडला होता. हलगी घुमत होती. वस्तादांनी पांढरा फेटा बांधला होता आणि आज मिशीला साय नव्हती.

तेजल दाराच्या चौकटीला टेकून उभी. फोन हातात. केतकीला कळवायला नुसतं बटण दाबायचं होतं.

"काय गं, तोंड का उतरलंय?" वस्तादांनी जाता जाता विचारलं.

"काय नाही."

हळद पडली. ती चालून गेली असती. मग तेल पडलं. मग वस्तादांनी पहिली चरवी उचलली आणि पांढरी धार हौद्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सोडली. दुसरी. तिसरी. आंबूस वास सुटला. लोकांनी हात जोडले. आणि तेजलला दिसलं, कारण फक्त तिलाच कुठं बघायचं ते माहीत होतं: त्या कोपऱ्यातली माती काळपट व्हायला लागली होती. तिच्यावर बारीक बारीक थेंब उमटत होते, ताप उतरताना कपाळावर घाम यावा तसे. मग थेंब एकमेकांना मिळाले आणि एक गढूळ ओघळ उतार शोधत निघाला.

"माती प्यायली नाय की रं," कुणीतरी म्हणालं.

"आणि घाला. तहानली असंल."

पोरांनी कॅन उचललं. एवढं ताक आत गेलं असतं तर संध्याकाळी तिथं पैलवान नव्हे, म्हशी उतरवाव्या लागल्या असत्या. तेजल बघत होती. हेच तर हवं होतं. अजून थोडं गप्प राहायचं आणि सगळं परत पहिल्यासारखं. पण ओघळ तिच्या पायाशी आला, आणि तिला दिसली ताटली, कलती धरलेली, आणि दाण्याकडं एवढ्या प्रेमानं बघणारा तुटक्या चपलेतला तो येडा प्राणी. खांदे शेकताना दुसऱ्या खोलीत जागी असलेली तायडी.

ती धावली आणि थेट कॅनच्या तोंडाखाली जाऊन बसली.

पोरं थबकली. थोडं ताक तिच्या डोक्यावर सांडलंच. हलगी थांबली. पूजेआधी हौद्यात कुणी पाय टाकायचा नसतो, आणि इथं एक पोरगी मांडी घालून बसलेली.

"उठ," सर्जेराव म्हणाले. "अपशकुन करू नगंस."

"ओतू नका. ताकानं ही माती मरते. पाणी सोडते आणि परत पीत नाही. तायडीनं मला दाखवलंय."

वस्ताद जवळ आले. वाकून त्यांनी काळी पडलेली माती मुठीत घेतली, दाबली. बोटांतून पाणी गळलं. "केतकीनं आम्हाला का नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं. दुसरं काही घालू नका म्हणाली होती. तिला ठाऊक नव्हतं तुम्ही ताक घालता. तुम्हाला ठाऊक नव्हतं ताक म्हणजे दुसरं काही."

"आणि तुला दोन्ही ठाऊक."

"व्हय."

"कधीपासून?" मागून आवाज आला.

दारात केतकी उभी होती. कुणीतरी तिला बोलावून आणलं होतं. तिच्यामागं पाहुणे, पाहुण्यांच्या हातात चहाचे कप. तेजलला खोटं बोलता आलं असतं. आज सकाळपासून, म्हटलं असतं तरी कुणी उलटतपासणी घेतली नसती.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "ही माती बिघडली असती तर जुनी परत आली असती. मग उकरायला आम्ही लागलो असतो. म्हणून गप्प होते."

केतकीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सरळ हौद्याच्या काठाशी आली, ओघळ कुठवर गेलाय ते बघितलं आणि वस्तादांशी बोलली, तेजलशी नाही.

"एवढा कोपरा गेला. हे पाणी आंबट आहे, जिथं जाईल तिथं बिघडवेल. पसरायच्या आत सगळं खणून बाहेर काढायला हवं, खाली कोरडं लागेपर्यंत. आत्ता."

"काढा रं," सर्जेराव पोरांना म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. इस्त्रीचे शर्ट, संध्याकाळच्या कुस्त्या, अंग दुखलं तर काय करायचं. एकानं खोरं उचललं आणि इतक्या बिचाऱ्यासारखं धरलं की रुक्मानं ते त्याच्या हातातून काढूनच घेतलं. तोवर तेजल खणायला लागली होती. ताक केसांतून कानात उतरत होतं. चारही पोरी एका ओळीत आल्या, सवयीनं, न बोलता. एकीचं खोरं वर तेव्हा दुसरीचं खाली. ओली माती जड होती, जुन्या मातीपेक्षा जड. दुपार कलायला आली तेव्हा पूर्वेकडं मोठा खड्डा झाला होता आणि खालचा दाणा कोरडा लागत होता.

"आता हा भरायचा कशानं?" सर्जेरावांनी विचारलं.

"मागं ढीग हाय की," वस्ताद म्हणाले.

"ती वाळून दगड झालीय. पाणी कुठलं आणणार?"

वस्तादांनी रांगेकडं बघितलं. अख्खं गाव ताक घेऊन उन्हात ताटकळत होतं. "पाणी कशाला पायजे?"

केतकीनं मधे ताडपत्री उभी गाडून घेतली, या बाजूचं त्या बाजूला झिरपू नये म्हणून. मग जुनी लाल माती खड्ड्यात पडली, पोरींनी ढेकळं फोडली, आणि घरोघरचं ताक, लिंबू, तेल सगळं तिच्यात गेलं. ती प्यायली. नुसती प्यायली. म्हातारी माणसं बघून हसत होती.

पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे एका कोपऱ्यात जुनी माती आणि बाकी नवी? हे टिकणार कसं?"

"नवी आपोआप टिकंल," वस्ताद म्हणाले. "जुनी रोज उकरावी लागंल."

"कोण उकरणार रोज?" सर्जेराव म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी खाली बघितलं.

"जी उकरंल ती खेळंल," वस्ताद म्हणाले. "मी पंधरा दिवस पाय चोळत बसलो, ती माझी चूक. सर्जा, पहिली जोड पोरींची पुकार."

मैदान भरलं. शेजारच्या गावची एक थोराड पोरगी जोडीला तयार होती, दिवसभर सावलीत बसलेली, ताजीतवानी. खणून खणून तेजलचे हात कोपरापर्यंत भरून आले होते. पकड बसेल की नाही याची खात्री नव्हती. ती कट्ट्याच्या आडोशाला केस बांधायला गेली, पण बोटांत रबर धरवेना. ताकानं केसांची नुसती गुंतवळ झाली होती.

मागून कुणीतरी रबर ओढून घेतलं.

केतकी होती. हातांना लाल माती. कंगवा नव्हता, तिनं बोटांनीच केसांचे पेड सोडवले आणि वेणी घालायला घेतली. पहिला पेड इतका कचकून ओढला की तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तायडे."

दुसरा पेड. तोही तसाच.

"साहेब काय म्हणाले?"

"विचार करू म्हणाले." तिसरा पेड. "पंधरा दिवस, तेजू. मी तुला भाषण म्हणून दाखवत होते."

बाहेर निवेदकानं तेजलचं नाव पुकारलं, आडनावासकट, गावासकट. हलगी कडाडली.

"दुखतंय," ती म्हणाली. "सैल कर ना जरा."

"नाही करणार," केतकी म्हणाली, आणि शेवटची गाठ दोन्ही हातांनी आवळली. "सुटली तर समोरची तुला केसांनी धरेल. जा."